हत्तीला हात

“अंगावरचं सोनं काढून दे, रत्ने. बुडालीस तर तेवढं तरी वाचंल,” बापूकाका म्हणाला.

मी वारणेच्या काठावर उभी होते. पाठीला पत्र्याचे दोन डबे बांधलेले आणि कमरेला अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील, थोरबोले गुरुजी. परवाच ते गेले होते आणि आता त्यांच्याच जुन्या धोतराच्या तुकड्यात रक्षा होऊन माझ्या कमरेला बांधले गेले होते. मी त्या वेळी अठ्ठेचाळीस वर्षांची, पुण्यात बँकेत मॅनेजर, आणि पाण्याला इतकी भिणारी की पानशेतच्या सहलीला मी बसमध्ये सामान सांभाळायला थांबले होते. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. पण बापूकाकाचं ते वाक्य आठवलं की अजून माझा हात गळ्यातल्या साखळीकडे जातो.

मी साखळी आणि बांगड्या काढून काकाच्या हातात दिल्या. त्याने त्या उपरण्यात बांधल्या आणि परत म्हणाला, “अजून इचार कर.”

आता हे सगळं कशापायी, ते सांगायला हवं.

अण्णांनी आमच्या खानेवाडीच्या शाळेत नोकरीभर गणित शिकवलं. पण गावाला विचाराल तर लोक सांगतील, गुरुजींनी पोहायला शिकवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी ते पोरांना घेऊन डोहावर जात. त्याला फी नव्हती आणि त्यातून सुटकाही नव्हती. चौथी झालेलं पोर पोहायला न येता पाचवीत गेलं तर तो आपला अपमान, असं त्यांचं मत होतं.

त्यांची पद्धत ठरलेली. तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा पोराच्या पाठीला बांधायचा. डोहाच्या काठाला एक काळा सपाट दगड आहे, त्यावर त्याला उभं करायचं. आपण मागे उभं राहायचं आणि विचारायचं, “तेरा सक?” पोर डोळे मिटून पाढा म्हणायला लागलं की पाठीत धक्का. पोर पाण्यात, मागोमाग अण्णा पाण्यात. मग पोटाखाली हात धरून एकच घोष: “रडायचं ते काठावर! पाण्यात हात मारायचे!” काही दिवसांनी डबा सुटायचा आणि अण्णांचा हात तेवढा पोटाखाली राहायचा. तो हात ते कधी काढून घेत, ते एकाही पोराला कळलेलं नाही. डोहाच्या मधोमध एक मोठा खडक आहे, त्याला सगळे हत्ती म्हणतात. हत्तीला हात लावून परत आलं की पोर पास.

आमच्या गावातल्या साठीच्या माणसालाही अचानक ‘तेरा सक?’ विचारून बघा. तो आधी काहीतरी घट्ट धरेल आणि मग उत्तर देईल.

तर अशा गावात हत्तीला हात न लावलेलं माणूस एकच होतं, आणि ते खुद्द गुरुजींच्या घरात जन्मलेलं. दिव्याखाली अंधार, असं लोक माझ्या तोंडावर म्हणत. मला त्याचं काही वाटत नसे, कारण माझ्याकडे माझी गोष्ट होती. मलाही अण्णांनी त्या दगडावर उभं केलं होतं. “तेरा सक?” असं मागून आलं आणि मी ताडकन म्हणाले, “अठ्ठ्याहत्तर.” “सतरा नव्वे?” “त्रेपन्नासे.” मी पाढ्यांत पक्की. एकोणतीसपर्यंत गेले, कुठे अडखळले नाही. अण्णांना धक्का द्यायला फटच सापडली नाही. शेवटी ते म्हणाले, “जा, घरी जा,” आणि मी डबा वाजवत घरी गेले. थोरबोले गुरुजींना हरवलेली मी एकटी, ही गोष्ट मी पुढे सासरी सांगितली, ऑफिसात सांगितली, माझ्या मुलांना तर झोपवताना सांगितली. अण्णा समोर असले तर मिशीत हसायचे आणि विषय बदलायचे.

पंचाहत्तरीला विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार केला. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि उत्तर द्यायला अण्णा उठले. ते एवढंच म्हणाले, “मी गेलो की माझी रक्षा काठावरून भिरकावायची नाही. हत्तीपाशी नेऊन सोडायची. आणि नेईल ती रत्ना.” मांडव हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. अण्णा मात्र हसले नाहीत. ते पेढे वाटायला लागले, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर ते चार वर्षं होते. गेले तेही त्यांच्याच घाईने. सकाळी आईला म्हणाले, चहा गार आहे. ती गरम करून घेऊन येईपर्यंत कारभार आटोपलेला. “चहापुरता दम न्हाई या माणसाला,” आई म्हणाली, आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली.

अग्नी मी दिला. रडले नाही. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, रडूच येत नव्हतं. घशात काहीतरी अडकून बसलं होतं आणि ते खालीही जाईना नि वरही येईना. रक्षाविसर्जनाच्या सकाळी नदीवर सगळं गाव जमलं. अस्थी घेऊन बापूकाका, अण्णांचा धाकटा भाऊ, नरसोबाच्या वाडीला जाणार होता, त्याबद्दल वाद नव्हता. वाद रक्षेचा.

“काठावरनं सोडूया,” काका म्हणाला. “पाणी काय, सगळीकडं त्येच.”

“काका, पाणी तेच असतं तर गुरुजींनी आम्हांला काठावरच पास केलं नसतं का?” हे डॉक्टर मुजावर. अण्णांच्या पहिल्या तुकडीतले. गावाला आयुष्यभर ‘वजन कमी करा’ सांगत आलेले आणि स्वतः तो सल्ला न ऐकलेले.

“मग तुम्ही न्या की. न्हाईतर गावडं फौजदार न्हेतील.”

“मी नेतो!” गावडे म्हणाले. ते नुकतेच रिटायर झाले होते आणि त्यांना कोणीतरी काहीतरी काम सांगावं म्हणून ते सकाळपासून फिरत होते.

मगदूम वकिलांनी हात वर केला. वर्गात करायचे तसाच. “हरकत आहे. गुरुजींना दुसऱ्याच्या हातचा गृहपाठ चालत नव्हता. एकदा माझी वही बहिणीच्या अक्षरात निघाली तर तिला आणून माझ्या जागी बसवलं आणि मला तिच्या वर्गात, मुलींत. दोन दिवस! शिवाय त्यांची इच्छा भर सभेत सांगितलेली आहे. साक्षीदार अख्खं गाव.”

“आरं पण तिला पवाय येत न्हाई!” काका ओरडला. “उद्या हिचाबी दहावा घालायची पाळी आणशीला!”

“ट्रॅक्टरची ट्यूब आणू का? ताईंना वर बसवून ओढत नेऊ,” गावडे म्हणाले.

“ट्यूबवर?” डॉक्टर म्हणाले. “गुरुजी काय म्हणायचे, विसरलात? म्हशीला लागत नाही ट्यूब.”

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हणाले असते तर एकही माणूस मला बोल लावणार नव्हता. पण अण्णांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. स्वेटर नेला तरी ‘कशाला आणलास’ म्हणायचे. मागितलं ते हे एवढंच, आणि तेही मी हसण्यावारी नेलं होतं. मला त्या क्षणी अण्णांची फार आठवण आली.

“मी नेते,” मी म्हणाले.

“डबं आणलेत,” मागून आई म्हणाली.

रक्षाविसर्जनाला तिने येऊ नये असं काकाचं म्हणणं होतं. ती ‘टॉवेल द्यायला येतेय’ म्हणून आली होती. तिच्या एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात गोठ्यात टांगलेले अण्णांचे ते दोन डबे, गंजलेले, झाकणाभोवती डांबर लावलेले. म्हणजे हा वाद सुरू व्हायच्या आधीच ती घरातून डबे घेऊन निघाली होती. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

डबे आठ वर्षांच्या पोरांच्या मापाचे होते. एकाने मी तरंगणार नाही यावर तिघांचं तात्काळ एकमत झालं, ते मला थोडं लागलं. दोन बांधायचे ठरले. मग गाठीवरून भांडण. गुरुजींची गाठ नेमकी कशी, यावर डॉक्टर, वकील आणि फौजदार अशी तीन मतं पडली आणि तिघांनी आपापली गाठ मारली. रक्षा मडक्यात नेली तर हात अडकतील, म्हणून ती धोतराच्या तुकड्यात बांधून माझ्या कमरेला. आणि मग ते तिघे माझ्या सोबतीला पाण्यात उतरायला म्हणून कपडे काढायला लागले.

ते दृश्य मी विसरणार नाही. ज्यांना मी कधी इस्त्रीच्या कपड्यांशिवाय पाहिलं नव्हतं ती तीन प्रतिष्ठित पोटं बनियन-चड्डीत एका ओळीत उभी होती. काठावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. काहींनी दुःखाने.

“पाणी गार आहे हो,” मगदूम वकील पाय बुडवून म्हणाले.

“उतर खाली! पाणी तापवून देऊ काय तुला?” गावडे अण्णांच्या आवाजात गरजले आणि स्वतःच दचकले. मग तिघेही धपाधप पाण्यात.

तिथेच काकाने माझं सोनं मागितलं. आणि मी काळ्या दगडावर चढले.

दगड होता तसाच होता. पाणी हिरवं, संथ. समोर हत्ती. लहानपणी तो फार लांब वाटायचा. आता वाटलं, तो आणखी मागे सरकलाय.

“मारा ताई उडी! आम्ही आहोत!” डॉक्टर म्हणाले.

“मारते,” मी म्हणाले. आणि उभी राहिले.

“हां, मारा!”

“मारते.”

पाय दगडाला चिकटले होते. मी मनात त्यांना दोनतीनदा आज्ञा केली. बँकेत माझ्या हाताखाली तीस माणसं होती, सगळी ऐकायची. हे दोन पाय ऐकेनात.

“असं नाही जमायचं,” वकील पाण्यातून म्हणाले. “गुरुजींच्या पद्धतीत उडी नाहीच मुळी. धक्का आहे. आपल्यापैकी कोणी आपणहून मारली होती का? कोणीतरी वर जाऊन ढकला.”

“तुम्ही जा.”

“मी? गुरुजींच्या मुलीला? नाही बुवा. गावडे, तुम्ही पोलिसात होतात.”

“तिथं ढकलायची माणसं वेगळी असत्यात,” गावडे म्हणाले. “डॉक्टरांनी जावं.”

“मी डॉक्टर आहे,” मुजावर म्हणाले. यात त्यांना सगळं आलं असं वाटलं.

बापूकाकाचा चेहरा उजळला. “झालं! ये खाली पोरी. काठावरनंच सोडूया. दादाला वरनं काय दिसतंय?”

मी खाली उतरायला वळले. खरं सांगते, मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तर दगडावर माझ्या मागे आई उभी. ती कधी चढली, कळलंच नव्हतं. टॉवेल खांद्यावर.

“रत्ने,” ती म्हणाली, “तुला अजून वाटतंय व्हय, तुला पाढं येत हुतं म्हणून तू सुटलीस?”

“म्हणजे?”

“पाढं येणारी पोरं काय कमी हुती? ह्या वकिलाला तिसाच्या वरचं येत हुतं. त्याला ढकललाच की.”

“उत्तर अर्धं तोंडात असताना,” वकील पाण्यातून म्हणाले.

“मी त्या दिशी हितंच धुणं धूत हुते,” आई म्हणाली. “त्यांनी तुझ्या पाठीमागं हात उचलला. परत खाली घेतला. परत उचलला. नुसता थरथरत हुता हात. तू आपली पाढं म्हणतीयास घडाघडा, आणि ते इचारत बसले, ह्याचा म्हण, त्याचा म्हण. यळ काढत हुते. घरी येऊन जेवले न्हाईत. म्हणाले, गावाची पोरं डोळं झाकून ढकलतो मी, आणि माझी एक ढकलवंना. कसला मास्तर मी?”

पाण्यातले तिघे ऐकायला दगडाजवळ सरकले होते.

चाळीस वर्षं मी सांगत आले होते की मी त्यांना हरवलं. आणि चाळीस वर्षं ते मिशीत हसत मला सांगू देत होते. मला काही बोलायचं होतं. मी म्हणाले, “आई, मग त्यांनी कधी...”

“तेरा सक?” आई म्हणाली.

माझी आई शाळेत गेलेली नाही. तिला पाढे येत नाहीत. पण चाळीस उन्हाळे धुणं धुताना हा एक प्रश्न तिच्या कानावर पडला होता. आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीने, डोळे मिटून तोंड उघडलं.

“अठ्ठ्या...”

दोन हात पाठीत बसले. डबे खणखणले आणि मी पाण्यात.

पाणी नाकात, पाणी तोंडात, कानात नुसता बुडबुड आवाज. मी मेले, असं मी अगदी शांतपणे ठरवून टाकलं. तेवढ्यात डब्यांनी मला मानगूट धरून वर काढलं. वर आल्याबरोबर जो कल्ला कानावर आला, तो मला आजही झोपेत ऐकू येतो.

“हात मार! हात!”

“पाय कुठे आहेत तुझे? घरी ठेवून आलीस?”

“मान वर! पाण्यात काय शोधतीस? पैसे पडलेत?”

ताई, अहो-जाहो सगळं बुडालं होतं. तिघेही मला अरे-तुरे करत होते, तिघेही अण्णांचीच वाक्यं बोलत होते, आणि एकमेकांवर चढ्या आवाजात. काठावरूनही कोणकोण ओरडायला लागलं. सगळ्या गावाला ती वाक्यं पाठ होती. मी मांजरासारखे हात मारत होते, पाय झाडत होते, पाणी पीत होते आणि पुढे सरकत होते. दोनदा मगदूम वकिलांच्या नाकावर लाथ बसली. ते म्हणाले, “छान! असाच पाय पाहिजे!”

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. एकदम हाताला काहीतरी खरखरीत लागलं. हत्ती.

मी दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली. काठावर टाळ्या वाजल्या, आणि रक्षाविसर्जनाला टाळ्या वाजवायच्या नसतात हे आठवून एकदम थांबल्या.

“आता सोडा गुरुजींना,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. आवाजात ‘अहो’ परत आलं होतं.

मी एका हाताने खडक धरला आणि दुसऱ्याने कमरेची गाठ सोडली. धोतराचा तुकडा हातात आला. ओला, सपाट. उलगडून बघितला. आत काही नव्हतं. कोपऱ्यात थोडी राख चिकटली होती, तीही माझ्या देखत पाण्यात निघून गेली. मागे वळून पाहिलं तर मी आले त्या वाटेवर पाण्यात एक राखाडी पट्टा पसरला होता. त्याच्या कडा पातळ होत होत्या.

“अण्णा कुठे गेले?” मी म्हणाले. किती वेडगळ प्रश्न. “इथे सोडायचं होतं ना? मला कळलंसुद्धा नाही. कधी गेले?”

गावडे फौजदार हत्तीला टेकून धापा टाकत होते. त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

“ते कुणाला कळलंय, ताई?” ते म्हणाले. “गुरुजींनी हात कधी काढला, ते कुणालाच कळत नसतं. आपण पोहत असतो, एवढंच.”

माझ्या घशात परवापासून जे अडकलं होतं ते हललं. मी तोंड उघडलं, आणि तिन्ही पोटं एका सुरात ओरडली,

“रडायचं ते काठावर!”

मग काय करणार? मी परत फिरले. हात मारत, पाय झाडत, तो तुकडा दातांत धरून. आता पाण्याची चव थोडी वेगळी लागत होती. मी ती गिळली आणि काही वाटलं नाही. काठाजवळ आले तसं पायाखाली वाळू लागली आणि मी चालत वर आले, दोन डबे पाठीवर आपटत.

बापूकाका पाण्याच्या कडेला पुढे आला. त्याने उपरणं सोडलं, साखळी आणि बांगड्या माझ्या ओल्या हातावर ठेवल्या. त्याचे डोळे लाल होते. तो म्हणाला, “पास.”

आईने टॉवेलने माझं डोकं खसाखसा पुसलं. लहानपणी न्हाऊ घातल्यावर पुसायची तसं, कान उपटतील असं.

“आई, तू मला ढकललंस,” मी म्हणाले.

“व्हय.”

“आणि मी बुडाले असते तर?”

“बापूभावजींकडं सोनं हुतंच की.”

तिने पाठीवरच्या गाठी सोडायला घेतल्या. तीन विद्वानांच्या तीन गाठी, त्यातली एकही सुटेना. शेवटी तिने नाद सोडला आणि काळ्या दगडाला टेकून खाली बसली. तिच्या हाताला कंप होता, तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तिने शेजारच्या वाळूवर हात थोपटला.

“बस हितं,” ती म्हणाली. “ह्यो काठ हाय. आता रड.”